दुसऱ्या घराखालची पहिली माणसे

पावसाळा तोंडावर आला की पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती झळकू लागतात. धुक्यातला डोंगर, झाडीत लपलेला बंगला आणि 'सेकंड होम' हे दोन शब्द. शहरात एक घर असलेल्याला सह्याद्रीत दुसरे हवे आहे. त्याने ते घेण्याला आमची हरकत नाही. पण बंगल्याच्या आधी ती जमीन कुणाची होती, तिच्यावरून कोण उठला आणि त्याला कुणी उठवले, हे विचारलेच पाहिजे. जाहिरातीत ते छापत नाहीत.

लवासाचेच पाहा. 1996 साली राज्य सरकारने खासगी गिरिस्थानांसाठी नियम केले. 2001 साली मुळशीच्या मोसे खोऱ्यातली 18 गावे गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. वरसगाव धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या त्या 'सार्वजनिक हिता'साठी. त्यातलीच 141 हेक्टर जमीन कृष्णा खोरे विकास महामंडळाने 2002 साली या श्रीमंतांच्या नगरीला भाडेपट्ट्याने दिली. सार्वजनिक हित इतक्या लवकर खासगी होते! कमाल जमीन धारणा कायद्याखाली भूमिहीनांना मिळालेल्या आणि कातकऱ्यांच्या जमिनी गिळल्या गेल्याची तक्रार आंदोलकांनी वर्षानुवर्षे मांडली. 2010 साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवले, 2011 साली पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली. पुढे 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेणारा मध्यमवर्गही अडकला. त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. फरक एवढाच की त्याचे दुसरे घर अडकले, कातकऱ्याचे पहिले गेले.

आता कायद्याचा न्याय बघा. गिरिस्थानासाठी झालेल्या जमीनखरेदीला पूर्वलक्षी मान्यता देणारी दुरुस्ती 2005 साली झाली. तिला आव्हान देणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने 2022 साली निकाली काढली. राजकीय वजनाच्या आक्षेपाची न्यायालयाने दखल घेतली, पण याचिका उशिरा आली म्हणून हस्तक्षेप नाकारला. धनिकासाठी कायदा मागे चालत गेला. आणि गरिबाने किती मागे जायचे? 2006 च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी वननिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याच्या बापाला गावाने कागदाला हात लावू दिला नाही, त्याने 75 वर्षांचा पुरावा कुठून आणायचा? दावे फेटाळलेल्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2019 ला दिला होता. देशभर आक्रोश झाला, मग पंधरवड्यात स्थगिती आली. 2022 साली गायरानावर पोट भरणाऱ्या आपल्या हजारो कुटुंबांच्या दारी अतिक्रमणाच्या नोटिसा आल्या. डोंगर फोडला तर विकास आणि गायरान नांगरले तर अतिक्रमण, असा हा हिशेब आहे.

जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. ठाकर आदिवासींची ती वस्ती. वर गाडी जाईल असा रस्ता नव्हता, बचाव पथकांना पायी डोंगर चढावा लागला. याच सह्याद्रीत बंगल्यांपर्यंत डांबरी रस्ते जातात. डोंगरातली ही घरे कुठल्याच जाहिरातीत नव्हती.

शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि जात-धर्म न पाहता ती कसायला द्यावी, असे बाबासाहेबांनी 1947 सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मांडले होते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली, ती पडीक आणि वनजमीन कसणाऱ्यांच्या नावे व्हावी म्हणून. त्यांच्या मागणीतली जमीन आज एकर-गुंठ्यांनी विक्रीला आहे.

चळवळीने आता गावोगावच्या गायरान आणि वनहक्क दाव्यांची यादी हाती घेऊन तहसीलवर बसले पाहिजे. आणखी एक बोलायचे आहे, ते आपल्याच माणसांशी. आरक्षणाने नोकरीत गेलेला आपलाही वर्ग अशा प्लॉटचे हप्ते भरू लागला आहे. त्याला कुणी गुन्हेगार ठरवत नाही. पूर्वजांना गावात धड जागा नव्हती, त्याला डोंगरात घर हवेसे वाटले तर नवल नाही. पण बयाणा देण्याआधी सातबारा नीट वाचा. 'भोगवटादार वर्ग 2' असा शेरा आहे का, इतर हक्कात काय लिहिले आहे, ते बघा. मग जुने फेरफार काढा. कुळाचे, महार वतनदाराचे किंवा आदिवासीचे नाव कोणत्या साली, कुणाच्या सहीने कमी झाले, ते तिथे नोंदलेले असते.