दौरा जगाचा, मैदान कुणाचं?

जागतिक म्हणवणाऱ्या बहुतेक रॉक दौऱ्यांचा नकाशा ट्रकची चाकं ठरवतात. रात्री शेवटचं गाणं संपलं की अ‍ॅम्प्लिफायर, ड्रम, दिवे, पडदे उतरवून ट्रकांत भरायचे आणि पुढच्या शहरात पुन्हा उभे करायचे. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत हे जमतं, कारण एक रस्ता दुसऱ्याला जोडलेला आहे. मध्ये समुद्र आला की हिशेब कोलमडतो. सामान जहाजाने धाडलं तर आठवडे जातात आणि तंत्रज्ञांचे पगार चालूच राहतात. विमानाने धाडलं तर एका कार्यक्रमाच्या तिकिटांतून भाडंही सुटत नाही. त्यामुळे कित्येक वर्षं रॉकचं जग युरोप, अमेरिका, जपान आणि फार तर ऑस्ट्रेलिया एवढंच राहिलं. बाकीच्यांच्या वाट्याला कॅसेट आल्या.

आयर्न मेडन या बँडने २००८ साली हा नकाशा बदलून दाखवला. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन व्यावसायिक वैमानिकही होता. बोइंग ७५७ची मागची आसनं काढून तिथे सामानासाठी जागा केली गेली आणि वादक, तंत्रज्ञ आणि सुमारे १२ टन सामान एकाच विमानात बसलं. शेपटीवर बँडचा लाडका राक्षस एडी रंगवलेला आणि चालक म्हणून स्वतः डिकिन्सन. या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. तिथून ऑस्ट्रेलिया, जपान, अमेरिका, मग लॅटिन अमेरिका आणि पहिल्या टप्प्याच्या शेवटी टोरंटो. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम झाले. कोस्टा रिका आणि कोलंबिया या देशांत तर हा बँड तेव्हा पहिल्यांदाच वाजला.

विमानाचं कौतुक खूप झालं. मला मोलाचा वाटतो तो त्यामागचा निर्णय. श्रोते कुठे आहेत हे आधी पाहायचं आणि सामान कसं न्यायचं हे त्यानंतर सोडवायचं. या संगीताला हा आग्रह शोभतो, कारण ते अंगावर घेऊन ऐकायचं असतं. तीन गिटार एकत्र सुटल्यावर छातीत उठणारी थरथर आणि हजारो अनोळखी गळ्यांतून एकदम निघालेली ओळ यांना ध्वनिमुद्रण पर्याय देऊ शकत नाही. मुंबईच्या पोरालाही तो अनुभव टोकियोच्या किंवा लंडनच्या पोराइतकाच मिळायला हवा.

पण बँड दारापर्यंत आला तरी पुढचं काम शहराचं असतं. ऑक्टोबर २०११मध्ये मेटालिका पहिल्यांदा भारतात आली. गुडगावात मंचासमोरचा कठडा गर्दीत टिकला नाही, कार्यक्रम रद्द झाला आणि संतापलेल्या जमावाने मंचाची मोडतोड केली. दोनच दिवसांनी बंगळूरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड ठरल्याप्रमाणे वाजला. लोकांचं प्रेम दोन्हीकडे सारखंच होतं. त्या प्रेमाचा भार पेलणारी व्यवस्था एकीकडे होती, दुसरीकडे नव्हती.

मुंबईकडे एके काळी धोबी तलावचं रंगभवन होतं. खुलं नाट्यगृह, रेल्वे स्थानकांपासून चालत जाण्याजोगं. इंडिपेन्डन्स रॉक महोत्सवात तिथे कित्येक तरुण बँड घडले. आसपास रुग्णालयं आणि महाविद्यालय असल्याने ते शांतता क्षेत्रात आलं आणि तिथलं संगीत थांबलं. नियम योग्यच आहे, रुग्णाची झोप कुठल्याही गिटारपेक्षा मोठी. चूक झाली ती पुढे. जे काढून घेतलं त्याच्या तोडीचं दुसरं काही शहराने उभं केलं नाही.

तेव्हापासून आपण उसन्या जागांवर भागवतो. मे २०२५मध्ये गन्स एन’ रोझेस महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजले. जागा घोड्यांची. नवी मुंबईत मोठे कार्यक्रम होतात ते क्रिकेटच्या स्टेडियममध्ये. मोकळ्या मैदानावर तर मंच, वीज, कठडे, शौचालयं सगळं शून्यातून उभारायचं आणि लगेच मोडायचं. हा खर्च शेवटी तिकिटावर चढतो आणि ज्या विद्यार्थ्याला हे संगीत सर्वांत जास्त हवं असतं, तो कुंपणाबाहेर राहतो.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. मुंबई महानगरात रुग्णालयं आणि वस्तीपासून दूर, पण लोकल किंवा मेट्रोला लागून, संगीतासाठी राखलेलं एक कायमचं खुलं मैदान हवं. तिथे पुरेशी वीज, पिण्याचं पाणी, मजबूत कठडे, प्रवेशाच्या आणि सुटकेच्या वेगळ्या वाटा आणि ट्रक थेट मंचापर्यंत नेणारा रस्ता असावा. कार्यक्रम रात्री दहाच्या आत संपावा. वर्षातले मोजके दिवस परदेशी बँड येतील, उरलेले दिवस ते इथल्या नव्या बँडना, शाहिरांना आणि लोककलावंतांना परवडणाऱ्या भाड्यात मिळावं. आयर्न मेडनने समुद्र ओलांडण्याची तजवीज स्वतःच्या खर्चाने केली होती. जमीन, पाणी आणि वीज देणं हे आपल्या महापालिकांचं आणि राज्य सरकारचं काम आहे, आणि ते त्यांनी आता हाती घ्यावं.