तापमापीतला पारा गेला, बाटलीतला कधी?

१९५६ साली जपानमधील मिनामाता येथे एका भीषण व्याधीची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा समुद्रात, तेथून माशांत आणि माशांमधून माणसांच्या मज्जासंस्थेत पोहोचला होता. त्याच मिनामाताच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७मध्ये अमलात आला. भारताने त्यास २०१८मध्ये मान्यता दिली. पाऱ्याच्या तापमापींना निरोप देण्याची दिशा त्यातून ठरली. परंतु पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील एका बाटलीची चर्चा क्वचितच होते.

रुग्णाच्या शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा कुजू नये, त्याची रचना टिकावी, यासाठी तो स्थिरीकरण द्रवात ठेवतात. बहुतेक ठिकाणी फॉर्मेलिन पुरते. अस्थिमज्जा व लसिका ग्रंथींसाठी मात्र झेंकर द्रव, बी-५ अशा मर्क्युरिक क्लोराईडयुक्त द्रवांना दीर्घकाळ पसंती मिळाली. त्यांत पेशीकेंद्रकाचा तपशील अत्यंत स्पष्ट उमटतो, हे मान्य केलेच पाहिजे.

पण या स्पष्टतेचे मोल काय? १०० मिलिलीटर झेंकर द्रवात सुमारे ५ ग्रॅम मर्क्युरिक क्लोराईड असते. एका नमुन्यास २० मिलिलीटर द्रव लागला, तरी त्यात सुमारे पाऊण ग्रॅम पारा जातो. म्हणजे जवळपास एका तापमापीइतका! भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक पारा असू नये. या हिशेबाने तेवढा पारा सात लाख लिटर पाण्यास त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. फुटलेली तापमापी निदान डोळ्यांना दिसते. मोरीत ओतलेला द्रव दिसत नाही. तो रोज हाताळणाऱ्या तंत्रज्ञाच्या मूत्रपिंडांना असलेला धोकाही असाच अदृश्य असतो.

पर्याय नाही, अशी स्थितीही नाही. जस्तयुक्त फॉर्मेलिन उपलब्ध आहे. अस्थिमज्जेसाठी त्यात अ‍ॅसेटिक आम्ल मिसळून केलेला द्रव वापरता येतो. फॉर्मेलिनही निर्धोक नव्हे, ते कर्करोगकारकच आहे. मात्र त्याचे विघटन होते. पारा हे मूलद्रव्य असल्याने नष्ट होत नाही. शिवाय पाऱ्यात स्थिर केलेल्या ऊतीतून जनुकीय चाचण्यांसाठी चांगला डीएनए मिळणे कठीण होते. आजचे कर्करोगनिदान अशा चाचण्यांवर वाढत्या प्रमाणात विसंबून असताना जुन्या द्रवाचा आग्रह रुग्णाच्याही हिताचा ठरत नाही.

अनुभवी तज्ज्ञांची नजर जुन्या चित्राला सरावलेली असते. निदानात चूक होण्याची त्यांची भीती अनाठायी नाही. त्यावर उपाय म्हणजे काही काळ दोन्ही पद्धतींच्या काचपट्ट्या शेजारी ठेवून तपासणे आणि नजर नव्या चित्रास तयार करणे. जेथे हे द्रव अद्याप वापरात आहेत, तेथे वैद्यकीय महाविद्यालयांनी व रुग्णालयांनी ते खरेदीच्या यादीतून वगळण्याची तारीख निश्चित करावी आणि उरलेला साठा मोरीत न ओतता घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे सोपवावा.

एका रुग्णाच्या रोगाचे निदान करताना दुसऱ्याच्या रोगाचे बीज पेरले जाऊ नये, एवढे भान तरी आरोग्यसेवेने राखावयास नको काय?