विजय कोणाचा?

१९१२ सालच्या हंगामात कार्लाइलच्या इंडियन शाळेच्या फुटबॉल संघाने १४ पैकी १२ सामने जिंकले, एक बरोबरीत सोडविला आणि एकच गमावला. ही हकीकत सांगणारे पुष्कळ लेखक शेवटी एक ठराविक बोध काढतात : रानटी मुलांस शाळेने शिस्त लावली, म्हणूनच ती नामांकित कॉलेजांस भारी ठरली! हा बोध आम्हांस साफ नामंजूर आहे.

ही शाळा कोणती, हे आधी पाहावे. पेन्सिल्व्हेनिया संस्थानातील जुन्या लष्करी बराकींत १८७९ साली प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ती काढली. मुलातील ‘इंडियन’ मारावा आणि माणूस तेवढा वाचवावा, हे त्याचे उघड ब्रीद होते. त्यापायी मुलांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली, मातृभाषेस बंदी झाली. शाळेच्या दफनभूमीत दीडशेहून अधिक मुले पुरली गेली. त्यांतील काहींचे अवशेष २०१७ पासून कोठे स्वजनांकडे परत जाऊ लागले. यास शिक्षण म्हणावयाचे काय?

कोणी म्हणेल, खेळाने त्या मुलांस स्वाभिमान दिला. आम्हांस ते मान्य आहे. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथे त्यांनी सैन्याचे अधिकारी घडविणाऱ्या विद्यालयास २७-६ असे नमविले. त्याच सैन्याने वूंडेड नी येथे लकोटा स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल केली, त्यास तेव्हा अवघी २२ वर्षे झाली होती. चेंडू बगलेत धरून त्या फळीवर धडकणाऱ्या मुलांच्या मनात काय असेल, हे का सांगावयास हवे? परंतु तो स्वाभिमान शाळेने दिलेला नव्हे. शाळेला जो पुसता आला नाही, तो होय.

शाळेने घेतले ते नाव आणि पैसा. १९१४ साली काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, तेव्हा विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी व क्रीडानिधीचा मनमानी खर्च चव्हाट्यावर आला. १९१८ साली शाळाच बंद झाली.

संघाचा अग्रणी जिम थॉर्प याची कथा तर याहून बोलकी आहे. १९१२ सालीच स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके मिळविली. पूर्वी त्याने उन्हाळ्यात पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे निघताच १९१३ साली ती काढून घेण्यात आली. असे खेळणारे कॉलेजकुमार अनेक होते. ते खोटी नावे घेत, थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. त्याचा गुन्हा काय तो एवढाच! एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदले जाण्यास २०२२ साल उजाडावे लागले. त्यास मरून तेव्हा ६९ वर्षे लोटली होती.

जेत्यांच्या शाळेत जित जिंकला की श्रेय शाळेस, आणि त्याचे काही चुकले की दोष त्याच्या जातीस, हा हिशेब आपल्या लोकांस अपरिचित नाही. म्हणूनच परक्यांची अशी गौरवगाथा आपल्या मुलांपुढे ठेवताना मैदानावरील आकड्यांबरोबर दफनभूमीतील आकडाही सांगावा. तो गाळून सांगितलेला इतिहास हा इतिहास नव्हे, जाहिरात होय.