तहकूब सभेचे ठराव

संत कान्हुराज पाठकांचे केंदूर हे शिरूर तालुक्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील गाव. अशा गावी बंधाऱ्यातील गाळ आधी काढावा की सभामंडपाला फरशी आधी बसवावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. तो ग्रामसभेने सोडवावयाचा असतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार गणपूर्तीस १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, पुरेशी होते. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधनच नाही! मूठभरांचा ठराव मग साऱ्या गावाचा ठरतो. नंतर पारावर चरफडणारे सुशिक्षित त्या दिवशी कोठे असतात? नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा भरावयाची असते. तिचे इतिवृत्त वाचून दाखविण्याची मागणी येत्या सभेत आपल्यापैकी कोणी करील काय?