खेळायला निमित्त हवे

प्रौढ माणसाने खेळणे समाजाला रुचत नाही, अशी तक्रार अधूनमधून कानी येते. परंतु ज्या समाजाने वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वतींना सारीपाटावर बसविले, कोजागरीच्या जागरणाला अक्षक्रीडेची जोड दिली आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांकडून दशावतारी गंजिफांची १२० पाने रंगवून घेतली, त्याला खेळाचे वावडे आहे असे म्हणणे धारिष्ट्याचे होय. धर्मराजाच्या द्यूताचा दाखला देऊन भागत नाही, कारण तेथे आक्षेप आहे तो पणाला; १८८७ च्या मुंबईच्या जुगारविरोधी कायद्यानेसुद्धा निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेवले. (सरकार समाजापेक्षा उदार निघाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण!)

वावडे आहे ते निमित्तावाचून खेळण्याचे. व्रत, प्रकृती किंवा जिमखान्याचे सभासदत्व यांपैकी एखादी सनद पदरी असली, की पन्नाशीचा गृहस्थ रॅकेट घेऊन उजळ माथ्याने बाहेर पडतो. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढी मखलाशी त्याला पुरते. तोच गृहस्थ सोसायटीच्या आवारात पोरांबरोबर गोट्या खेळू लागला, तर गॅलऱ्यांतून चार माना बाहेर येतात.

मुंबईच्या लोकलमध्ये समोरासमोर बसलेले चौघे मांड्यांवर बॅग आडवी टाकून मेंढीकोट मांडतात, दस्सा हातचा गेला की भिडूची यथेच्छ खरडपट्टी काढतात आणि स्थानक येताच पाने गोळा करून उठतात. त्यांना कोणी हसत नाही, कारण तो वेळ तसाही फुकटच जाणार होता. जो वेळ कोणाच्याच हक्काचा नाही, तेवढाच प्रौढाला बिनतक्रार मिळतो, असा याचा अर्थ मी लावतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा कारभार अधिकच कंजूष. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी पूजा आटोपली, की झिम्मा, फुगड्या आणि पिंगा यांनी रात्र जागविण्याची सुनेला पूर्ण मुभा असते. इतकेच नव्हे, तर गुडघ्यांच्या कुरबुरी विसरून सासूबाईही पदर खोचून रिंगणात उतरतात, आणि त्यांचा दम पाहून तरुण मुली खजील होतात. देवीच्या नावाने मंजूर झालेली ही रजा उजाडताच संपते. त्याच सुनेने एखाद्या बुधवारी भर दुपारी शेजारणीला बोलावून कॅरमवर पावडर शिंपडली, तर आतल्या खोलीतून त्याच सासूबाई विचारतात, “कामं आटोपली वाटतं सगळी?”