खुंटीवरची किल्ली आणि विम्याचा कागद

कबनूरच्या अनेक घरांत दाराशेजारच्या खुंटीला दुचाकीची किल्ली टांगलेली असते. मागावर वडिलांचा डबा पोहोचविणे, इचलकरंजीहून औषध आणणे, धाकट्या बहिणीला शिकवणीला सोडणे ही कामे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सहज करतो आणि घरच्यांना त्याचे कौतुकच वाटते. पुढे एखाद्या रात्री मित्राच्या वाढदिवसालाही तीच किल्ली त्याच्या खिशात असते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर याच रस्त्याने जातात. कित्येकांना मागे दिवाही नसतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. मुलगा मद्याच्या अमलाखाली होता, असा पोलिसांचा आरोप आहे. ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीसह त्याला जामीन मिळाला, तेव्हा देशभर संताप उसळला. धनिकांच्या घरचे प्रकरण म्हणून गावोगावच्या पालकांनी ते बाजूला ठेवले. कायदा मात्र पोर्शे आणि स्कूटर यांत भेद करीत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक अथवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भारही पालकावरच असतो.

तुरुंगाची भीती सर्वांना कळते. विम्याचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो चांगला ठाऊक आहे. तेथे मुलाचे नाव पॉलिसीत घातले की हप्ता एकदम चढतो, आणि मद्य पिऊन गाडी चालविल्याची नोंद झाली तर कित्येक वर्षे चढाच राहतो. आपल्याकडे तृतीय पक्ष विम्याचा दर वाहनाच्या इंजिनाच्या क्षमतेवरून ठरतो. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक दर ७१४ रुपये. चालवणारा कोण, हे त्यात कोणी विचारीत नाही. म्हणूनच पालक निर्धास्त राहतात; खरा हिशेब अपघातानंतर पुढे येतो.

समजा, धडकेत अठ्ठावीस वर्षांचा यंत्रमाग कामगार दगावला. त्याचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये, घरी चार अवलंबून. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या रीतीने भावी वाढीचे ४० टक्के मिळवून २१,००० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १५,७५० उरतात. त्याचे वर्षाचे १,८९,००० होतात आणि या वयाला गुणक १७ चा. भरपाई ३२,१३,००० रुपये, व्याज निराळे. मृताच्या घरच्यांना ही रक्कम बहुधा विमा कंपनीच देते. परंतु चालकाकडे परवाना नसेल आणि मालकानेच जाणूनबुजून गाडी दिली असेल, तर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये कंपनीला देतात. २००४ च्या स्वर्णसिंह निकालापासून ही वाट रूढ आहे. मग शेत विकावे लागते, नाहीतर माग. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो, मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचाही उपयोग होत नाही.

हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे याला श्रावकाचारात हिंसादान म्हटले आहे आणि अनर्थदंडात त्याची गणना केली आहे. तेथे शस्त्र, विष, अग्नी यांची उदाहरणे येतात. आजच्या घरात शस्त्र नाही. किल्ली आहे, आणि ती मागण्यापूर्वीच दिली जाते.

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा. घरोघरी असलेल्या ११० सीसीच्या स्कूटरला तो चालत नाही. पॉलिसीच्या कागदावर ‘चालक’ या मथळ्याखाली वैध परवान्याची अट छापलेली असते. हप्ता भरून तो कागद कपाटात जातो. या महिन्यात नूतनीकरण असेल, तर त्या ओळी मुलाला समोर बसवून मोठ्याने वाचता येतील, आणि ३२,१३,००० चा हिशेब त्यालाच मांडायला सांगता येईल. दहावीच्या मुलाला एवढे गणित येते.