प्रयोगशाळेतून : पिवळ्या वीराला स्कर्ट का नाही?



या वेळी सदरात आधी मारामारी, मग रसायनशास्त्र.

आपल्या मुलांना विचारून पाहा, पॉवर रेंजर्स कुठले? बहुतेक जण म्हणतील, अमेरिकेचे. मूळ मात्र जपानचं. तोएई कंपनीने १९७५ साली 'गोरेंजर' ही मालिका काढली. कल्पना चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांची. पाच रंगांचे पाच वीर. पुढे त्याच साच्यातल्या नव्या नव्या तुकड्या आल्या. त्यांतली १९९२ची 'झ्युरेंजर' हैम सबान यांनी अमेरिकेत आणली आणि १९९३ साली तिचे पॉवर रेंजर्स झाले.

युक्ती साधी होती. वीरांनी शिरस्त्राण चढवलं की चेहरा दिसत नाही. तेव्हा मारामारी आणि राक्षस जपानचेच ठेवायचे, शाळेतल्या गप्पा तेवढ्या अमेरिकन नटांवर नव्याने चित्रित करायच्या. जोड बघायचा असेल तर पिवळ्या रेंजरकडे बघा. गुलाबीच्या पोशाखाला छोटा स्कर्ट आहे, पिवळीच्या नाही. कारण जपानमध्ये पिवळा वीर मुलगा होता! उड्या मारणारे कसलेले लोक जपानचे, टाळ्या पडल्या भलत्याच चेहऱ्यांना. मला हे खटकतं. आपल्यापैकी काहींनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' पाहिला असेल. त्यातल्या दाइसाकूचं इंग्रजीत 'जॉनी' झालं होतं, पण चेहरा तरी त्याचाच राहिला होता.

याच झ्युरेंजरच्या वाट्याला आणखी एक रूपांतर आलं. १९९४ साली तोएईने मनोरंजन उद्यानांसाठी 'सुपर सेंताई वर्ल्ड' हा छोटा त्रिमिती चित्रपट काढला. त्यात फाइव्हमन, जेटमन, झ्युरेंजर, दाइरेंजर आणि काकुरेंजर अशा लागोपाठच्या पाच वर्षांच्या पाच तुकड्या एकत्र आल्या, आपापल्या नावांनी. मालिकेत वर्षभर वीरांची भांडणं, रुसवेफुगवे, घरच्या काळज्या चालतात. उद्यानातल्या खेळाला एवढी सवड कुठली? रांगेत ताटकळलेली पोरं आत येणार, चष्मा लावणार, काही मिनिटांत बाहेर. म्हणजे इथेही माणसं गाळली, लढाई ठेवली. तरी ही काटछाट मला पटते. समोरचं जपानी पोर त्या वीरांना टीव्हीवर आधीच भेटलेलं असतं. घरचा टीव्ही देऊ शकत नव्हता तेवढंच उद्यानाने द्यायचं, म्हणजे नाकाशी येणारी मूठ. पॉवर रेंजर्स बघणाऱ्या मुलांची त्या पिवळ्या मुलाशी कधी ओळखच झाली नाही.

आता चष्मा. जुन्या लाल-निळ्या काचांचा इथे उपयोग नाही. ज्यांची ओळखच रंगावरून पटते, त्या वीरांचा रंग काचेनेच खाल्ला तर काय उरलं? (लाल काचेतून लाल आणि पांढरा वीर ओळखून दाखवा!) उद्यानांतल्या अशा खेळांना बहुधा ध्रुवणाचे चष्मे देतात. दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं, दोन्हींच्या प्रकाशलहरी वेगवेगळ्या दिशांनी कंप पावणाऱ्या; प्रत्येक काच आपलं चित्र आत घेते, दुसरं अडवते. पडदा चंदेरी लागतो. साध्या पांढऱ्या पडद्यावर आपटून प्रकाशाची ती शिस्त मोडते.

या काचेची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. ब्रिस्टलच्या डॉ. हेरापथ यांच्या एका विद्यार्थ्याने, क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं. हिरवे चकचकीत स्फटिक पडले. हेरापथनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर दोन स्फटिक आडवे-उभे आले की मधली जागा काळी! हे १८५२ सालचं. पुढे एडविन लँड यांनी असले बारीक स्फटिक प्लॅस्टिकच्या पत्र्यात एका दिशेने बसवले आणि १९३८ साली क्विनीनही सोडलं. पॉलिव्हायनिल अल्कोहोलचा पापुद्रा ताणला की त्याचे लांबलचक रेणू एका दिशेत येतात. आयोडीन त्यांना धरून रांगा करतं. रांगेच्या दिशेने कंपणारा प्रकाश शोषला जातो, आडवा पार होतो.

घरी करून पाहायचं असेल तर 'पोलराइज्ड' असं लिहिलेले दोन गॉगल घ्या. एकाची काच दुसऱ्यासमोर धरून हळूहळू फिरवा. काटकोनात आली की अंधार. मुलं सोबत असतील तर तेवढ्यात पिवळ्या वीराची गोष्टही सांगून टाका.